‘सगळं ठीक होईल’ हे ऐकू का येत नाही?

रुग्णालयात संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली की कॉटभोवती ठरावीक वाक्यांची गर्दी होते. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ ‘मन खंबीर ठेवा.’ ‘आमच्या शेजारच्यांचं दुखणं तर याहून मोठं होतं, आज ठणठणीत आहेत.’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. दोन बस बदलून, हातात शहाळी घेऊन तो आलेला असतो. कॉटवरचा माणूस मान डोलावतो, ‘हो’ म्हणतो आणि पाहुणे गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. घरात नैराश्याचा रुग्ण असेल तर हेच रोज घडतं. फक्त तिथे मान डोलावण्याचं सौजन्यही हळूहळू संपतं. मग घरचे वैतागतात. ‘किती समजावलं, पण ऐकतच नाही. त्याला बरं व्हायचंच नाहीये.’

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि कधी कधी फार महागात पडतो. आशेचं बोलणं कानावर पडतं, समजतंही. ते खरं वाटायला मात्र मनाजवळ काही सामग्री लागते आणि दुखण्यात नेमकी तीच आटलेली असते. ही सामग्री कोणती, याचा शोध मानसशास्त्रज्ञ गेली पन्नास-साठ वर्षं घेत आहेत.

त्यातली पहिली गोष्ट आठवणींची. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकत्याच वाचलेल्या लोकांना आनंदाचा, दुःखाचा असा एकेक शब्द द्यायचा आणि त्यावरून स्वतःच्या आयुष्यातला एक नेमका प्रसंग सांगायला लावायचं. निरोगी माणूस अशा वेळी सहज सांगून जातो, की मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दुपारी पेढे आणायला निघालो आणि वाटेत पावसाने गाठलं. या रुग्णांची उत्तरं मात्र ‘पूर्वी मित्रांबरोबर फिरायला जायचो’ अशा धर्तीची, ढोबळ असत. त्यात दिवस नाही, जागा नाही, कुणाचा चेहरा नाही. त्यांच्या आयुष्यात चांगलं काही घडलंच नव्हतं, असं नव्हे. त्या प्रसंगांपर्यंत पोचणारी वाट बुजली होती. पुढे नैराश्याच्या रुग्णांवर झालेल्या अनेक अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं.

याचा आशेशी संबंध सरळ आहे. माणूस उद्याचं चित्र कालच्या तुकड्यांतूनच जोडतो. ज्यांच्या आठवणी ढोबळ, त्यांना भविष्यही ढोबळच दिसतं, हे विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं. ‘तू बरा झालास की आपण कोकणात जाऊ’ असं भाऊ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र असतो, तळलेल्या बांगड्याचं ताट असतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्याच्या वाट्याला नुसते शब्द येतात आणि शब्दांवर भरवसा ठेवावा इतकं बळ त्याच्याकडे नसतं.

ब्रिटनमधल्याच अँड्र्यू मॅक्लिओड यांनी १९९० च्या दशकात हा धागा पुढे नेला. येत्या आठवड्यात, येत्या वर्षात, पुढच्या पाच-दहा वर्षांत आपल्या बाबतीत काय काय होईल असं वाटतं, ते ठरावीक वेळात सांगत जायचं. आधी ज्यांची वाट पाहावीशी वाटते अशा गोष्टी, मग ज्यांची धास्ती वाटते अशा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांच्या यादीत धास्तीच्या गोष्टी खूप जास्त असतील, असं कुणालाही वाटेल. तसं निघालं नाही. धास्तीची यादी इतरांएवढीच होती. तोकडी होती ती वाट पाहण्याच्या गोष्टींची यादी.

हा फरक बारीक वाटतो, पण धीर देणाऱ्यांची बरीच मेहनत इथेच वाया जाते. ‘काही वाईट होणार नाही’ हे पटवून देण्यात ते तास घालवतात. समोरच्याची अडचण वेगळी असते. वाईट होणार नाही हे कदाचित तो मान्यही करील, पण मग चांगलं काय होणार, या प्रश्नावर त्याच्या मनात कोरा कागद असतो.

ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या संशोधनाने या कोऱ्या कागदाची आणखी एक बाजू समोर आणली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नैराश्याच्या रुग्णांना औषधाचा फक्त एक डोस देऊन काही तासांनी तपासलं गेलं. रुग्णांना स्वतःला काहीच बरं वाटत नव्हतं, उदासी होती तिथेच होती. पण औषध घेतलेल्यांना आता आनंदी चेहरे अधिक नीट ओळखता येत होते आणि चांगल्या अर्थाचे शब्द अधिक लक्षात राहत होते. म्हणजे आजारात चांगल्या गोष्टी टिपणारी चाळणीच बिघडलेली असते आणि औषध आधी ती दुरुस्त करू लागतं. मन उजळायला त्यानंतर काही आठवडे जातात, कारण दुरुस्त झालेल्या चाळणीतून रोजचं जगणं थोडं थोडं आत यावं लागतं. गोळ्या सुरू करून आठ दिवस झाले तरी ‘काही फरक नाही’ म्हणणारा रुग्ण खोटं बोलत नसतो. फरक पडू लागलेला असू शकतो, फक्त तो अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. याच काळात कंटाळून अनेक जण औषध सोडून देतात, हे डॉक्टरांचं नेहमीचं दुखणं आहे.

मग रुग्णाने स्वतःच स्वतःला चांगलं सांगत राहावं का? ‘मी समर्थ आहे, मी आनंदी आहे’ अशी वाक्यं रोज आरशासमोर म्हणायला सांगणारी पुस्तकं रेल्वे स्टेशनवरच्या प्रत्येक स्टॉलवर मिळतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वुड यांनी २००९ मध्ये हा उपाय तपासून पाहिला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य घंटा वाजेल तेव्हा मनात म्हणायचं, एवढंच काम होतं. ज्यांचा स्वतःवर मुळातच विश्वास होता, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, नेमका त्यांनाच तो बाधला. मन वाक्य ऐकतं आणि लगेच त्याविरुद्ध पुरावे काढून ठेवतं. वाक्य जितकं मोठं, पुराव्यांचा ढीग तितका उंच.

त्याच विद्यापीठाच्या डेनिस मॅरिगोल्ड यांनी २०१४ मध्ये दुसऱ्याने धीर दिल्यावर काय होतं ते पाहिलं. ‘याची चांगली बाजू बघ’, ‘यातून तू शिकशीलच’ अशा पद्धतीचा आधार कमी आत्मविश्वासाच्या लोकांना रुचला नाही. ‘असं झाल्यावर वाईट वाटणारच’ ही कबुली मात्र त्यांना हवी होती. आधार देणाऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट या अभ्यासांत पुढे आली. अशा व्यक्तीला धीर देताना त्यांचीही दमछाक होत होती, आपण कमी पडतो आहोत असं त्यांना वाटत होतं. दोघंही थकलेले आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपल्याला समजून घेत नाही. पुष्कळ घरांत नैराश्याच्या आजारात नवरा-बायकोंमध्ये, आई-मुलांमध्ये जी अढी बसते, तिची सुरुवात इथे आहे.

धीराच्या शब्दांमागे बोलणाऱ्याची स्वतःची गरज पुष्कळदा असते, हेही मान्य करायला हवं. दुसऱ्याचं दुःख शांतपणे बघत बसणं अवघड जातं. ‘होईल ठीक’ म्हटलं की विषय मिटतो आणि बोलणाऱ्याला मोकळं वाटतं. रुग्णाला मात्र त्यातून कळतं, की खरं काय वाटतं ते इथे बोलायची सोय नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात रुग्णांच्या मनाची काळजी घेणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांनी २००० मधल्या आपल्या पुस्तकात याला ‘सकारात्मक विचारांचा जुलूम’ म्हटलं आहे. रडलो, घाबरलो, तर गाठ वाढेल, अशा धास्तीत जगणारे कर्करुग्ण त्यांनी पाहिले होते. आजाराचं ओझं होतंच, त्यावर हसतमुख राहण्याची सक्ती आली. आणि त्या सक्तीला आधार तरी होता का? डोकं व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाच्या मनाची स्थिती आणि तो किती काळ जगला, यांचा संबंध आढळला नाही. मन बरं असलं तर दिवस बरे जातात, हे खरंच आहे. पण ‘मनाने हार मानली म्हणून गेला’ असं एखाद्याच्या तेराव्याला बोललं जातं, ते क्रूर आहे आणि निराधारही.

आशा हरवणं हा नुसता मनःस्थितीचा प्रश्न नाही, हे ठामपणे मांडलं ते फिलाडेल्फियाच्या आरॉन बेक यांनी. नैराश्यात माणूस स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे, तिन्हीकडे काळ्या काचेतून बघतो, असं त्यांचं म्हणणं. यातलं भविष्य मोजण्यासाठी त्यांनी १९७४ मध्ये ‘होय की नाही’ प्रकारच्या २० विधानांची एक चाचणी केली. मग आत्महत्येचे विचार येतात म्हणून रुग्णालयात दाखल झालेल्या २०७ जणांवर त्यांनी पाच ते दहा वर्षं लक्ष ठेवलं. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार या काळात १४ जणांनी आयुष्य संपवलं. नैराश्य किती खोल होतं यावरून ते ओळखता आले नसते. निराशेच्या चाचणीवरून आले असते. ज्यांची ही चाचणी झाली होती त्या मृतांपैकी फक्त एकाचे गुण दहाच्या खाली होते. अर्थात जास्त गुण मिळालेले बहुतेक जण जगले, हेही तितकंच खरं. चाचणी म्हणजे भाकीत नव्हे. पण ‘आता पुढे काहीच उरलेलं नाही’ असं कुणी म्हणालं, तर ते वाद घालून खोडण्याचं वाक्य नाही, एवढं यातून नक्की कळतं. त्या क्षणी ‘मरण्याचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. मग त्या माणसाला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.

शब्दांनी भागत नसेल तर आशा परत येते कशी? याचं उत्तर शोधताना एका जुन्या आणि आज वाचताना अंगावर काटा आणणाऱ्या प्रयोगापर्यंत जावं लागतं. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबत नसत. मग त्याच कुत्र्यांना एका पेटीत ठेवलं. मधला बुटका अडथळा ओलांडला की पलीकडे झटका नाही. इतर कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. यांतले बरेचसे मात्र तिथेच पडून कण्हत राहिले.

या प्रयोगाचा एवढा भाग पाठ्यपुस्तकांत असतो. त्यापुढचा भाग क्वचित सांगितला जातो आणि या विषयात तोच महत्त्वाचा आहे. संशोधकांनी या कुत्र्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला. मधला अडथळाच काढून टाकला. कुत्रा हलला नाही. पलीकडे उभं राहून त्याला हाक मारली, हलला नाही. त्याला उपाशी ठेवून पलीकडे सलामीचे तुकडे टाकले; तरी नाही. शेवटी गळ्यात पट्टा बांधून त्याला ओढत पलीकडे नेलं. एकदा नव्हे, २५ ते २०० वेळा. सुरुवातीला पूर्ण ताकद लावावी लागे, मग ओढ कमी कमी लागत गेली आणि अखेर कुत्रे आपले आपण पलीकडे जाऊ लागले. आपण हललो की वेदना थांबते, हे त्यांच्या शरीराला कळावं लागलं. हाकेने आणि खाऊने ते कळलं नव्हतं.

सेलिगमन आणि मायर यांनी २०१६ मध्ये आपल्याच सिद्धान्ताची दुरुस्ती केली. असहायता शिकली जाते, असं ते आधी म्हणत. मायर यांच्या उंदरांवरच्या मेंदूसंशोधनातून उलटं दिसलं. दीर्घ यातनेला गप्प पडून राहणं हा मेंदूच्या तळाशी असलेल्या जुन्या भागाचा उपजत प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते आपलं काही चालतं हे, आणि ते कळलं की कपाळामागचा मेंदूचा भाग त्या जुन्या भागाला आवरतो. म्हणजे बिछान्यात पडून राहणारा माणूस हट्टीपणा करत नसतो. काहीतरी आपल्या हातात आहे असा अनुभव जोवर येत नाही, तोवर त्याचा मेंदू त्याला पडूनच ठेवतो.

उपचारांतही हेच वेगळ्या वाटेने पुढे आलं. बेक यांच्या उपचारपद्धतीत दोन भाग असतात: रोजच्या कृती वाढवणं आणि नकारात्मक विचार तपासून बदलणं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये विचार बदलण्याचा भाग काढून नुसता कृतीचा भाग देऊन पाहिला. परिणाम पूर्ण उपचाराएवढाच आला. रुग्णाच्या विचारांशी वाद न घालताही तो बरा होत होता.

या कल्पनेची एक मोठी कसोटी गोव्यात झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांच्या चाचणीत हा उपाय तपासला. यातल्या अनेकांनी ‘डिप्रेशन’ हा शब्द कधी वापरलाही नसेल. असे रुग्ण दवाखान्यात येतात ते झोप लागत नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे, अशा तक्रारी घेऊन. त्यांच्यासमोर बसणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन तयार केलं होतं. आठवड्यातून एकदा, अशा सहा ते आठ भेटी. त्यात दिवस कसा जातो ते ऐकायचं, काय केल्यावर जरासं बरं वाटतं आणि काय केल्यावर आणखी खचायला होतं ते दोघांनी मिळून शोधायचं आणि पुढच्या भेटीपर्यंत जमेल असं एखादं काम ठरवायचं. ते काम कितीही लहान चालतं: कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाणं, बंद पडलेलं शिवणाचं मशिन एकदा पुसून ठेवणं, बहिणीला फोन करणं. पुढच्या भेटीत ते झालं की नाही आणि नसेल तर अडलं कुठे, यावर बोलायचं. उत्साह आला की काम करू, असं नैराश्यातला माणूस म्हणत राहतो. इथे क्रम उलटा लावला होता.

तीन महिन्यांनी हा उपाय मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त डॉक्टरांकडची नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षानंतरही फरक टिकून होता, आणि ज्यांच्या रोजच्या कृती वाढल्या त्यांनाच अधिक आराम पडला, असंही दिसलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन महिन्यांचे निष्कर्ष आले. १०० पैकी ३६ जणांना या उपायाने पुरेसा आराम पडला नाही, तेही त्यातच नोंदलं आहे. अशांना आणखी उपचार लागतात. जीव द्यावासा वाटण्याइतकी अवस्था असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला पर्याय नाही.

यात बोलणाऱ्याचं कोण असणं फार मोलाचं ठरतं. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक म्हणून काम करतात. ‘यातून सुटता येतं’ हे वाक्य पुस्तकातलंच असतं, पण ते म्हणणाऱ्याच्या हातांनाही कधीकाळी सकाळी कंप सुटत होता, हे समोरच्याला ठाऊक असतं. तिथे आशेला पुरावा जोडलेला असतो आणि तो समोर खुर्चीत बसलेला असतो.

शेतकरी आत्महत्यांसाठी नाव निघणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालवला गेला, तोही याच विचाराचा. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जात, ऐकून घेत, लागेल तसं समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे पाठवत. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी त्यासाठी कुठे मदत मागितली होती. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या अंदाजानुसार देशात नैराश्याच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत कोणताच उपचार पोचत नाही.